हलवणे

झेड ड्राइव्ह असं काही नसतं, सगुणबाब,
मी आमोण्याच्या धक्क्यावरच्या त्या ऑफिसात सांगते.
ते नुसतं अक्षर. खरी डिस्क कपाटाखाली,
पावती-पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला तो करडा डबा.
वायर तिथवर जाते, आणि तुम्हाला वाटतं
झेड माझ्याच टेबलात आहे.
सगुण माजिक चष्मा पुसतात.
बावीस वर्षं मी झेडमध्येच नोकरी केली, म्हणतात.

खाण बंद. बार्जी भंगारात. कंपनी विकली गेली.
नव्या मालकाला सगळा डेटा फोंड्याला हवाय,
पुलापलीकडे, सोमवारच्या आत.

मी एकात एक दारं उघडत जाते.
ट्रिपा. ट्रिपा २. टनेज. टनेज फायनल. टनेज फायनल खरं.
डिझेल. रोमाल्दची उचल.
नवीन फोल्डर, त्याच्या पोटात नवीन फोल्डर,
त्याच्या पोटात काहीच नाही.

परवा एवढी मोठी फाइल तुम्ही इकडची तिकडे टाकलीत,
पापणी लवायच्या आत गेली. आज पाच तास का?

परवा ती हललीच नव्हती.
फाइलला स्वतःला नाव नसतं, नंबर असतो.
नाव असतं फोल्डरच्या यादीत.
एका यादीतलं खोडलं, दुसरीत लिहिलं, झालं;
फाइल जागची उठलीसुद्धा नाही.
पण डिस्क बदलली की नुसतं नाव नेऊन भागत नाही.
एकेक खण उचलायचा, पलीकडे ठेवायचा,
दोन्हीकडचं मोजून बघायचं,
आणि मगच इथलं पुसायचं.

ते खिडकीतून पुलाकडे बघतात. पलीकडे खांडोळे.
"आमचो गणपती तसोच व्हेलो," म्हणतात,
दिवाडीहून. एका रात्रीत नाही काही.
वाटेत थांबत, जागा बदलत.
यादीत नाव लिहून देव येत नाही, बाय.

साडेआठला चहा संपतो. पट्टी एकसष्ट टक्क्यांवर.
सहज म्हणून मी सगळं तारखेप्रमाणे लावते
आणि तळातली एक फाइल वर तरंगून येते.
नाव: पाणी. आकार: एक्केचाळीस केबी.
शेवटचा बदल: आज, सकाळी सहा बावन्न.

शेवटची बार्ज इथून सुटली त्याला सहा वर्षं झाली.

उघडते.
पाणी सातव्या पायरीला.
पाणी पाचव्या पायरीला. पोदेर आला नाही.
पाणी नवव्या. मुलीचं ठरलं.
पाणी सहाव्या.
पाणी सहाव्या. आज तांबडं नव्हतं.
पाणी चौथ्या पायरीला. तिसरी पण दिसली. शेवाळ.

हे कुठे ठेवू? फोंड्याच्या यादीत ह्याला जागा नाही.
तिथे टनेज आहे, डिझेल आहे, कोर्टाचे कागद आहेत.

सगुणबाब टेबलावरची धूळ बोटाने गोळा करतात.
पुसून टाका, म्हणतात. बार्ज लावायला लागायचं ते.
मग सवय राहिली.

पुसलं म्हणजे यादीतून नाव गेलं, एवढंच.
खण भरलेलेच राहतात,
वर दुसरं कुणी लिहीपर्यंत.
हे मी त्यांना सांगत नाही.
मी ती फाइल टनेज फायनल खरंच्या आत,
नवीन फोल्डरातल्या नवीन फोल्डरात नेऊन ठेवते.
वाचायची परवानगी सगळ्यांना.
लिहायची एकट्याला: एस माजिक.
कुणाच्या लक्षात येईपर्यंत चालेल.
आलं तर मला फोन येईल,
आणि मी म्हणेन, सिस्टिमची फाइल आहे, हात लावू नका.

तुमचं मशीन भंगारात धरलंय, ते घरी न्या.

कुलूप लावताना ते विचारतात,
उद्या सहा बावन्नला झेड असेल ना?

असेल, मी म्हणते. अक्षर तेच ठेवलंय.
फक्त वायर आता नदी ओलांडते.